पिवळ्या विमानांचा मेळा

(विमान म्हटले की मोठे विमानतळ आणि शेकडो प्रवासी आपल्या डोळ्यांसमोर येतात. पण एखाद्या लहान गावाच्या गवताळ मैदानावर दोन माणसांची छोटी, जुनी विमाने एकत्र जमतात, तेव्हा तेथे विमानांचा मेळा भरतो. अमेरिकेतील अशाच एका मेळ्याची आणि तेथे येणाऱ्या कापडी विमानांची माहिती या पाठात दिली आहे.)

मेळा म्हटले, की आपल्याला जत्रा किंवा उरूस आठवतो. आकाशपाळणे, खेळण्यांची दुकाने, मिठाईचा वास आणि माणसांची गर्दी. पण अमेरिकेत लॉक हेवन नावाच्या गावी एक वेगळाच मेळा भरतो. या मेळ्यातील पाहुणे मोटारीने किंवा आगगाडीने येत नाहीत, ते आकाशातून येतात. प्रत्येक पाहुणा आपले स्वतःचे विमान चालवत येतो, गवतावर उतरतो, विमान रांगेत उभे करतो आणि त्याच्या पंखाखाली तंबू ठोकून राहतो. यांतील पुष्कळ विमाने पिवळ्याधमक रंगाची असतात. त्यांच्या अंगावर एक काळी रेघ असते आणि शेपटीवर अस्वलाच्या पिल्लाचे चित्र असते.

लॉक हेवन हे पेनसिल्व्हेनिया राज्यातील लहानसे गाव आहे. एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला सस्क्वेहाना नदीचा फाटा, अशा जागी ते वसले आहे. नदीकाठी गावाचा छोटा विमानतळ आहे. तेथे एक डांबरी धावपट्टी आहे आणि तिच्या शेजारी गवताची धावपट्टी आहे. १९८६ सालापासून जून महिन्यात येथे हा मेळा भरत आला आहे. तो याच गावी का भरतो, हे कळण्यासाठी आपल्याला थोडे मागे जावे लागेल.

सन १९३० ची गोष्ट. त्याच राज्यातील ब्रॅडफर्ड या गावी गिल्बर्ट टेलर नावाचा एक कल्पक माणूस लहान विमाने बनवत होता. सामान्य माणसाला परवडेल असे विमान बनवावे, अशी त्याची इच्छा होती. त्याने आपल्या नव्या विमानाला २० अश्वशक्तीचे एक छोटे इंजिन बसवून पाहिले. त्या इंजिनाचे नाव होते 'टायगर किटन', म्हणजे वाघाचे पिल्लू. पण हे पिल्लू फारच अशक्त निघाले. विमान जमिनीपासून जेमतेम वर उचलले गेले आणि लगेच खाली आले. विमान उडाले नाही, परंतु त्याला नाव मात्र मिळाले. वाघाच्या किंवा अस्वलाच्या पिल्लाला इंग्रजीत 'कब' म्हणतात. त्यावरूनच या विमानाला 'कब' हे नाव पडले, असे सांगतात.

त्याच सुमारास टेलरची कंपनी बुडाली. तेव्हा विल्यम पायपर नावाचे तेल-व्यावसायिक पुढे आले. त्यांनी ही बुडालेली कंपनी अवघ्या ७६१ डॉलरांना विकत घेतली. पुढच्या वर्षी विमानाला ३७ अश्वशक्तीचे इंजिन मिळाले आणि कब खरोखर उडू लागले. काही वर्षांनी टेलर कंपनीतून बाहेर पडले, पण पायपर यांनी काम चालू ठेवले.

मार्च १९३७ मध्ये ब्रॅडफर्डच्या कारखान्याला भयंकर आग लागली. कापड, लाकूड आणि चटकन पेट घेणारे रोगण, यांनी भरलेला तो कारखाना पाहता पाहता जळाला. दुसरा कोणी असता, तर हात टेकून बसला असता. पायपर यांनी मात्र नव्या जागेचा शोध सुरू केला. लॉक हेवन येथे रेशमाची एक गिरणी बंद पडलेली होती. त्या रिकाम्या गिरणीत त्यांनी विमानांचा कारखाना उभा केला. जेथे रेशमाचे काम चालत होते, तेथे विमाने तयार होऊ लागली. १९३८ मध्ये 'जे-३ कब' हे सुधारलेले विमान बाहेर आले. त्याची किंमत साधारणपणे हजार ते तेराशे डॉलर होती. १९४७ पर्यंत या नमुन्याची सुमारे २०,००० विमाने तयार झाली.

हे विमान आहे तरी कसे? आपण पतंग उडवतो. पतंगाला बांबूच्या कामट्यांचा सांगाडा असतो आणि त्यावर कागद चिकटवलेला असतो. कबची रचनाही काहीशी अशीच आहे. त्याच्या धडाचा सांगाडा पोलादी नळ्यांचा असतो. पंखांच्या आत लांब दांडे आणि त्यांना जोडलेल्या फासळ्या असतात. या सगळ्या सांगाड्यावर चक्क कापड ताणून बसवलेले असते. पूर्वी त्यासाठी घट्ट विणीचे सुती कापड वापरत. ते फासळ्यांना सुईदोऱ्याने शिवत आणि मग त्यावर एक खास रोगण लावत. रोगण वाळले, की कापड आकसते आणि ढोलकीच्या कातड्यासारखे ताठ होते. मग त्यातून वारा किंवा पाणी आत जात नाही. उन्हाने सूत कुजू नये, म्हणून रोगणात ॲल्युमिनिअमची बारीक पूड मिसळून एक चंदेरी थर देत. त्यानंतर पिवळा रंग. आता सुती कापडाऐवजी बहुधा पॉलिएस्टरचे कापड वापरतात आणि ते इस्त्रीच्या उष्णतेने आकसवून ताणतात. काम करण्याची पद्धत बदलली, पण हाताच्या कौशल्याची गरज बदलली नाही.

कापडी असल्यामुळे हे विमान अतिशय हलके आहे. रिकाम्या विमानाचे वजन सुमारे ३४५ किलोग्रॅम असते. दोन माणसे, इंधन आणि सामान धरून ते ५५० किलोग्रॅमच्या आसपास जाते. त्याचे पंख मात्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जवळजवळ पावणेअकरा मीटर लांब आहेत. वजन कमी आणि पंख मोठे असले, की विमान कमी वेगातही हवेत तरंगू शकते. म्हणूनच या विमानाला ६५ अश्वशक्तीचे लहान इंजिन पुरते. ते ताशी सुमारे १२० किलोमीटर वेगाने जाते. वेग ताशी ६० किलोमीटरच्या आसपास आला, तरी ते हवेत टिकते. आजचे मोठे प्रवासी विमान जमिनीवर उतरतानाच ताशी अडीचशे किलोमीटरच्या जवळपास वेगाने येते. यावरून कब किती सावकाश उडते, याची कल्पना येईल. समोरून जोराचा वारा असेल, तर खालच्या रस्त्यावरील मोटारी त्याच्या पुढे निघून जातात!

कबमध्ये दोन आसने एकापुढे एक असतात. वैमानिक एकटाच असेल, तर तो पुढे न बसता मागच्या आसनावर बसतो. पुढे बसल्यास विमानाचे तोंड जड होऊन तोल बिघडतो. या विमानाला दोन मोठी चाके पुढे आणि एक लहान चाक शेपटीखाली असते. त्यामुळे जमिनीवर असताना त्याचे तोंड वर उचललेले असते आणि मागे बसलेल्या वैमानिकाला समोरचे नीट दिसत नाही. म्हणून तो जमिनीवरून विमान नेताना सरळ रेषेत न जाता नागमोडी जातो आणि आळीपाळीने दोन्ही बाजूंनी डोकावून पाहतो.

इंधन किती उरले आहे, हे समजण्याची युक्ती तर फारच साधी आहे. वैमानिकाच्या समोर, काचेच्या पुढे इंधनाची टाकी असते. तिच्यात सुमारे ४५ लीटर पेट्रोल मावते. टाकीत बुचाचा एक तुकडा तरंगत असतो आणि त्याला एक तार लावलेली असते. ही तार टाकीच्या झाकणातून बाहेर डोकावते. टाकी भरलेली असली, की तार उंच दिसते. पेट्रोल कमी होत जाते, तशी तार खाली जाते. तार पार खाली गेली, की उतरण्याची जागा शोधायची! टाकी इंजिनापेक्षा उंचावर असल्यामुळे पेट्रोल आपोआप खाली उतरते. त्यासाठी पंपाची गरज लागत नाही.

या विमानात विजेची बॅटरी नसते, त्यामुळे कळ दाबून इंजिन सुरू करता येत नाही. एक माणूस विमानापुढे उभा राहून हाताने पंखा फिरवतो. ठिणगी पाडण्यासाठी इंजिनावर मॅग्नेटो नावाची दोन यंत्रे असतात. पंखा फिरला, की मॅग्नेटोत वीज निर्माण होते, ठिणगी पडते आणि इंजिन धडधडू लागते. एक मॅग्नेटो बंद पडला, तरी दुसऱ्यावर इंजिन चालू राहते.

हे काम दिसायला सोपे असले, तरी धोक्याचे आहे. इंजिन सुरू होताच पंखा इतक्या वेगाने फिरतो, की तो डोळ्यांना दिसेनासा होतो. त्याचा फटका बसला तर जीव जाऊ शकतो. म्हणून या कामाचे नियम कडक आहेत. चाकांपुढे लाकडी ठोकळे लावायचे. आत जाणकार माणूस बसलेला असलाच पाहिजे. बाहेरचा माणूस मोठ्याने विचारतो, "स्विच बंद?" आतला माणूस खात्री करून उत्तर देतो, "स्विच बंद." त्यानंतरच पंख्याला हात लावायचा. सुरू करण्याची वेळ आली, की पुन्हा तसेच स्पष्ट सांगायचे. आणि सर्वांत महत्त्वाचा नियम असा, की पंखा थांबलेला असला, तरी तो कधीही फिरेल असे समजूनच त्याच्याशी वागायचे. मेळ्यात लहान मुले विमाने जवळून पाहतात, पण पंख्याला हात लावण्याची परवानगी कोणालाही नसते.

लॉक हेवनच्या विमानतळावर वैमानिकांना सूचना देणारा मनोरा नाही. पुष्कळ जुन्या विमानांत रेडिओही नसतो. मग इतकी विमाने एकमेकांवर न आदळता कशी उतरतात? याचे उत्तर आहे शिस्त. धावपट्टीभोवती आकाशात एक काल्पनिक चौकोनी वाट ठरलेली असते. प्रत्येक वैमानिक त्या वाटेने, ठरलेल्या उंचीवर, ठरलेल्या दिशेने वळत येतो. मैदानावरील खांबाला एक लांब कापडी पिशवी बांधलेली असते. ती वाऱ्याने फुगून वाऱ्याची दिशा दाखवते. वैमानिक ती पाहून वाऱ्याच्या समोरून उतरतो. पुढे कोण आहे, मागे कोण आहे, याकडे प्रत्येकाचे डोळे सतत लागलेले असतात. रस्त्यावर पोलीस नसतानाही सर्वांनी नियम पाळले, तर वाहतूक कशी सुरळीत चालेल, याचा हा धडाच आहे.

अशा मेळ्यांत खेळही असतात. धावपट्टीवर पांढरी रेघ आखतात आणि वैमानिकाने विमान बरोबर त्या रेघेवर टेकवायचे असते. कधी विमानातून पिठाची पुडी खाली टाकून नेम साधायचा असतो. संध्याकाळी वारा पडला, की विमाने डोंगरांवरून हळूहळू फेऱ्या मारतात. ज्याच्याकडे विमान नाही, तो गवतावर बसून पाहतो. येथे प्रेक्षक आणि वैमानिक यांच्यात मोठी भिंत नसते. "हे कापड कोणी बसवले? हे इंजिन किती जुने आहे?" असे कोणीही विचारावे आणि मालकाने हौसेने सांगत बसावे, हीच या मेळ्याची खरी मजा आहे.

या छोट्या विमानाने काही मोठी कामे केली आहेत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील हजारो तरुण कबमध्ये बसूनच विमान चालवायला शिकले. त्या काळी तेथे काळ्या लोकांना वैमानिक होण्याची संधी सहसा मिळत नसे. त्यांना हे काम जमणारच नाही, असे पुष्कळ गोऱ्यांना वाटे. आल्फ्रेड अँडरसन या काळ्या तरुणाला विमान शिकवायला कोणी तयार होईना, तेव्हा त्याने पैसे जमवून स्वतःचे विमान विकत घेतले आणि शिकून १९२९ मध्ये परवाना मिळवला. पुढे ते अलाबामा राज्यातील टस्कीगी येथे शिक्षक झाले. १९४१ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट तेथे आल्या. सोबतच्या लोकांना काळजी वाटत असतानाही त्या अँडरसन यांच्या छोट्या पायपर विमानात बसल्या आणि फेरी मारून हसतमुखाने खाली उतरल्या. त्या उड्डाणाचे छायाचित्र देशभर गाजले. टस्कीगीच्या काळ्या वैमानिकांनी पुढे युद्धात मोठा पराक्रम गाजवला.

१९४७ मध्ये क्लिफर्ड इव्हान्स आणि जॉर्ज ट्रुमन या दोघांनी पायपर कंपनीच्याच दोन लहान विमानांतून पृथ्वीप्रदक्षिणा केली. ऑगस्टमध्ये निघालेले हे दोघे डिसेंबरमध्ये परत पोहोचले.

लॉक हेवन गावाचे दिवस मात्र पालटले. जून १९७२ मध्ये ॲग्नेस नावाच्या वादळामुळे नदीला महापूर आला. पाणी कारखान्यात शिरले आणि यंत्रे, तयार विमाने यांची मोठी हानी झाली. कंपनीचे काम हळूहळू दूरच्या फ्लोरिडा राज्यात गेले. शेवटी १९८४ मध्ये येथील कारखाना बंद झाला. जवळजवळ ४७ वर्षे ज्या कारखान्याच्या भोंग्यावर गाव जागे होत होते, तो गप्प झाला. गावातील कितीतरी घरांतील माणसे तेथे काम करत होती. कोणी नळ्या जोडल्या होत्या, कोणी पंखांचे कापड शिवले होते, कोणी रंग दिला होता. काम गेले, की माणसाची भाकरी जाते, पण त्याबरोबर "हे मी घडवले" असे म्हणण्याचा अभिमानही जातो.

कारखाना बंद झाल्यावर दोनच वर्षांनी हा मेळा सुरू झाला. गावातून दूर गेलेली विमाने वर्षातून एकदा आपल्या जन्मगावी येऊ लागली. मेळ्यामुळे कारखाना परत आला नाही, हे खरे आहे. पण गावाने घडवलेली वस्तू ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांनंतरही उडते आहे, हे गावकऱ्यांना डोळ्यांनी पाहायला मिळते.

येथे एक प्रश्न मनात येतो. इतकी जुनी विमाने उडवावीत की संग्रहालयात ठेवावीत? काही जण म्हणतात, विमान उडवले आणि अपघात झाला, तर जुनी वस्तू कायमची जाईल आणि माणसाच्या जिवालाही धोका होईल. हे म्हणणे चुकीचे नाही. म्हणूनच अमेरिकेत अशा विमानाची दरवर्षी परवानाधारक तंत्रज्ञाकडून तपासणी करून घ्यावी लागते. कापड कुजले आहे का, नळ्या गंजल्या आहेत का, इंजिन ठीक आहे का, हे पाहून त्याची नोंद वहीत केली जाते. तपासणीत विमान उतरले नाही, तर ते उडवता येत नाही.

दुसरे लोक म्हणतात, इंजिन वर्षानुवर्षे बंद ठेवले, तर आत ओल धरून ते गंजते. शिवाय विमान उडत राहिले, तरच ते दुरुस्त करणारे हात तयार होतात. कापड कसे शिवावे, पंखा कसा फिरवावा, शेपटीच्या चाकावर विमान कसे उतरवावे, हे पुस्तक वाचून येत नाही. ते एका हातातून दुसऱ्या हातात जाते. विमान काचेमागे गेले, की वस्तू उरते, पण विद्या हरवते. विचार केला, तर दोन्ही बाजूंत तथ्य आहे. एखादेच विमान उरले असेल, तर ते जपून ठेवावे. अनेक उरली असतील, तर काही काळजीपूर्वक उडवावीत, हेच शहाणपणाचे.

आपल्या देशातही जुन्या विमानाने अशी एक आठवण ताजी केली होती. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू विमानतळापर्यंत उड्डाण केले. त्यांचे 'पस मॉथ' हे विमानही एका इंजिनाचे आणि कापडाने मढवलेले होते. टाटांच्या नियमित हवाई टपालसेवेची ती सुरुवात होती. बरोबर ५० वर्षांनी, १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, वयाच्या ७८ व्या वर्षी ते पुन्हा एकटेच कराचीहून निघाले. या वेळी त्यांच्याजवळ 'लेपर्ड मॉथ' नावाचे जुने विमान होते. ते सुखरूप जुहूला उतरले. नव्या पिढीच्या मनात उत्साह आणि साहस जागे व्हावे, हा त्यांचा हेतू होता.

जुन्या वस्तू आपल्या घरीही असतात. आजोबांचे घड्याळ, आजीचे शिवणयंत्र, वडिलांची सायकल. ती कपाटात ठेवून देणे सोपे असते. पण कधीतरी तेल घालून, पुसून ती चालवून पाहावी. ती कशी चालते, हे घरातील मोठ्या माणसांना विचारावे. ते सांगू लागले, की यंत्राबरोबर एक काळही आपल्यासमोर पुन्हा चालू लागतो. लॉक हेवनच्या गवतावर उतरणारी पिवळी विमाने दरवर्षी हेच करत असतात.

स्वाध्याय

१. एक-दोन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) 'कब' हे नाव कशावरून पडले, असे सांगतात?
(आ) लॉक हेवन येथे विमानांचा कारखाना कोणत्या जागेत सुरू झाला?
(इ) विमानातील इंधन किती उरले, हे वैमानिकाला कसे समजते?

२. कारणे लिहा.
(अ) एकटा वैमानिक मागच्या आसनावर बसतो.
(आ) कब हे विमान कमी वेगातही हवेत टिकते.

३. जुनी विमाने उडवावीत की संग्रहालयात ठेवावीत? तुमचे मत आठ-दहा ओळींत लिहा.

४. तुमच्या घरातील एखाद्या जुन्या वस्तूची माहिती मोठ्या माणसांना विचारा आणि वर्गात सांगा.